हातखंब्याचा तिठा, टोलचा नाका आणि आपला टेम्पो

रत्नागिरीहून कोठेही माल पाठवायचा म्हटला की गाडीला हातखंब्याचा तिठा चुकत नाही. एक रस्ता निवळी, बावनदी, संगमेश्वर करीत मुंबईकडे जातो, दुसरा पाली, लांजा, राजापूर करीत गोव्याकडे जातो आणि तिसरा खेडशी, कुवारबाववरून रत्नागिरीत उतरतो. कोल्हापूरची गाडीदेखील आधी पालीपर्यंत गोव्याच्याच रस्त्याने जाते आणि मग नाणीज, साखरपा, आंबा घाट धरते. मिरकरवाड्याची मासळी, हापूसच्या पेट्या, जांभा चिरा, फर्निचर, बेकरीचा माल, सारे याच तिठ्यावरून जाते. गॅरेजवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले, चहावाले येथे उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर पोट भरतात. त्यामुळे या रस्त्यावर नाके बसले, तर त्यांचा दर काय आणि सवलत कोणाला, हा आमच्यासाठी राजकारणाचा नव्हे, वहीखात्याचा प्रश्न आहे.

कोकणात टोलविरोधी आंदोलने झाली नाहीत असे नाही. राजापूरजवळ हातिवले आणि सिंधुदुर्गात ओसरगाव येथे नाके बांधून तयार झाले. २०२२ साली तेथे वसुलीचा प्रयत्न होताच सर्व पक्षांची माणसे रस्त्यावर आली आणि वसुली रखडली. रस्ता पुरा नाही, पैसे कशाचे घेता, हा सवाल रास्तच होता. पण त्या वेळच्या मागण्या काढून पाहिल्या तर त्यात भर होता तो स्थानिक मोटारींच्या माफीवर. माल वाहणारा टेम्पो, चारशेसात, दोन आसांचा ट्रक यांच्याविषयी फार थोडे बोलले गेले. टेम्पोवाल्याला सभेला यायला सवड नसते, आणि जो येतो तो मागच्या रांगेत उभा असतो. यात आमचाही दोष आहे.

मुळात हा रस्ता कोणाच्या पैशाने होतो आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण टोलचे सारे गणित तेथून सुरू होते. १९९५ साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली आणि खासगी भांडवलाला महामार्गाचे दार उघडले. तेव्हापासून ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा मंत्र चालू झाला. ठेकेदाराने कर्ज काढून रस्ता बांधायचा आणि ठरलेली वर्षे टोल घेऊन ते फेडायचे. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा २०११ साली याच पद्धतीने दिला गेला. त्या तुकड्याचे पुढे काय झाले ते कोकणातल्या प्रत्येक प्रवाशाच्या कमरेला ठाऊक आहे. जमीन मिळेना, पैसा आटला, काम थांबले आणि शेवटी ती पद्धतच सोडून द्यावी लागली.

आमच्या बाजूचा आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हा रस्ता, ज्यात हातखंबा येतो, वेगळ्या पद्धतीने दिला गेला. तिला ‘हायब्रिड अॅन्युइटी’ म्हणतात. केंद्र सरकारने ती २०१६ साली आणली. यात बांधकाम चालू असताना खर्चाचे ४० टक्के सरकार हप्त्याहप्त्याने देते. उरलेले ६० टक्के ठेकेदार कर्ज काढून वा स्वतः घालतो आणि रस्ता पुरा झाल्यावर सरकार ते त्याला १५ वर्षे, सहामाही हप्त्यांनी, व्याजासह परत करते. टोल ठेकेदार घेत नाही, सरकार घेते. नाक्यावर गाड्या आल्या काय आणि न आल्या काय, ठेकेदाराचा हप्ता ठरलेला.

यात ठेकेदाराची जोखीम कमी झाली, तरी काम वेळेवर झाले नाही. ठेकेदार बदलावे लागले. चिपळूणचे वकील ओवेस पेचकर यांना हा प्रश्न जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला, तारखांमागून तारखा पडल्या, आणि २०२५ च्या पावसाळ्यातही हातखंबा परिसरात वाहने अर्धवट पूल, वळसे आणि चिखल यातूनच गेली. जयगडकडून येणारे गॅसचे टँकर निवळीला महामार्गाला लागतात आणि उतारावळणांवरून हातखंब्याकडे येतात. अर्धवट रस्त्यावर त्यांच्यामागे मासळीचा टेम्पो घेऊन चालणाऱ्या ड्रायव्हरच्या घरचे लोक गाडी पोचल्याचा फोन येईपर्यंत झोपत नाहीत.

पण या पद्धतीत आमच्या कामाची एक गोष्ट दडली आहे. तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. ती समजण्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे लागेल.

कोल्हापूर शहरातले ४९ किलोमीटरहून थोडे अधिक रस्ते सुमारे २२० कोटींच्या प्रकल्पात आयआरबी कंपनीने बांधले आणि त्या बदल्यात तिला ३० वर्षे टोल घेण्याचा हक्क देण्यात आला. शहराच्या वेशींवर नऊ नाके बसले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. आता हे बायपास वा द्रुतगती मार्ग नव्हते, रोजच्या वापरातले शहरातले रस्ते होते. भाजी घेऊन येणारा शेतकरी, दूधवाला, मुलाला दवाखान्यात आणणारा बाप, गुजरीत आणि लक्ष्मीपुरीत माल टाकायला येणारा व्यापारी, सर्वांना शहरात पाय ठेवण्यासाठी पैसे. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. जाळपोळीचे आम्ही समर्थन करीत नाही, पण लोक तिथपर्यंत का गेले हे विचारणे भाग आहे. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने हा टोल रद्द केला. मात्र करार खासगी कंपनीशी असल्याने तो मोडण्याची भरपाई सरकारला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, मोजावी लागली.

त्याच वर्षी १ जूनपासून राज्य सरकारने १२ नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटीला माफी दिली. तेथेही हाच प्रकार होता. ज्याला माफी मिळाली त्याने टाळ्या वाजवल्या, आणि ठेकेदाराला द्यायची तूट तिजोरीतून गेली. मालाच्या गाडीला माफी नव्हती. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडची दोन, हलक्या वाहनांचा टोल गेला, तेव्हाही ट्रकला तो राहिलाच. आमची पेटी वाशीच्या बाजारात जाते ती ट्रकने जाते.

आता हातखंब्याकडे परत येऊ. येथे टोल सरकारचा आहे, ठेकेदाराचा नाही. त्यामुळे स्थानिक मालगाडीला सवलत द्यायची झाली तर कोणाचा करार मोडत नाही आणि कोणाला भरपाई द्यावी लागत नाही. सरकारचे उत्पन्न तेवढे कमी होईल, एवढेच. म्हणजे ‘करारात बसत नाही’ हे कोल्हापुरात वर्षानुवर्षे दिले गेलेले उत्तर येथे देता येणार नाही. जे होईल ते धोरणाने होईल, आणि धोरण मागता येते.

मागायचे काय, हे ठरविण्याआधी आज नियमात काय आहे ते पाहू. महामार्ग टोलचे नियम २००८ सालचे आहेत. २००७-०८ हे आधारवर्ष धरून चौपदरी रस्त्यासाठी दर किलोमीटरला मोटारीस ६५ पैसे, हलक्या मालगाडीस १ रुपया ५ पैसे, दोन आसांच्या ट्रकला वा बसला २ रुपये २० पैसे असा दर ठरला. त्यावर दर १ एप्रिलला ३ टक्के आणि शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा अशी भर पडत आली आहे. आधारदराने ६० किलोमीटरचा हिशेब केला तर मोटारीला ३९ रुपये, टेम्पोला ६३ आणि ट्रकला १३२ होतात. आजचे आकडे याहून बरेच वर आहेत, पण प्रमाण तेच. मोटारीच्या सव्वातीनपटीहून जास्त ट्रकला.

आम्ही प्रामाणिकपणे कबूल करू की भरलेल्या ट्रकला हा बोजा दिसतो तेवढा जड नाही. टेम्पोत शंभर पेट्या असतील तर आधारदराने ६० किलोमीटरला पेटीमागे ६३ पैसे पडतात. चांगल्या रस्त्याने डिझेल, टायर आणि आंबा यांचे जे नुकसान वाचते ते त्याहून अधिक असेल. खड्ड्यातून आदळत गेलेली पेटी वाशीत उघडल्यावर व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावत नाही. बर्फातल्या मासळीला तर तासाचा हिशेब असतो. चांगल्या रस्त्याचे दाम देण्याला आमची ना नाही.

मार खातो तो छोटा माणूस आणि लहान पल्ला. नाका किलोमीटर मोजत नाही, नाका ओलांडणे मोजतो. सुताराने दोन दरवाजे आणि एक खिडकी घेऊन वीस-पंचवीस किलोमीटरवर बसवायला जायचे आणि वाटेत नाका असेल तर तो पूर्ण तुकड्याचा टोल भरणार. दोन दरवाजांच्या मजुरीत तो कोठे घालणार? चिरा टाकून रिकामा परत येणारा ट्रकही तेवढाच देतो, कारण टोल मालावर नाही, आसावर आहे. चोवीस तासांत परतला तर दोन्ही वेळचे मिळून दीडपट पडते, ही एक सोय. मासळीवाल्याला ती मिळते. आंब्याच्या हंगामात वाशीला रांगेत दीड दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला ती मिळेलच असे नाही.

येथे एक अवांतर. जुन्या लोकांना नगरपालिकांचे जकात नाके आठवत असतील. शब्द आपल्याच घरचा, पण अर्थ पार बदललेला. वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठराविक मर्यादेवरच्या संपत्तीतून गरिबाचा हक्क काढायचा ती जकात, आणि वेशीवर गाडी अडवून टोपलीतला माल मोजायचा तीही जकात. नगरपालिकांची ती जकात १९९९ साली गेली, मुंबईची १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. पण त्या जकातीने निदान माल किती ते तरी पाहिले. टोल तेही पाहत नाही.

सवलतींची यादी पाहा. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मासिक पास आहे, आधारवर्षाच्या हिशेबाने १५० रुपयांचा, पण तो फक्त खासगी, बिगरव्यापारी वाहनाला. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. तोही फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅनला. ‘छोटा हत्ती’सारख्या लहान मालगाडीला फास्टॅगच्या वर्गवारीत मोटारीबरोबर बसविले आहे, म्हणून तिला दर मोटारीचा लागतो. पण पाटी पिवळी म्हणून पास नाही. महिन्यातून दोनदा फिरायला जाणाऱ्या गाडीला सवलत आणि रोज रोजीसाठी नाका ओलांडणारीला नाही, हा कोणता न्याय?

व्यापारी वाहनासाठी एकच सवलत आहे आणि आमच्या अनुभवाने दहांतल्या आठ टेम्पोवाल्यांना ती माहीत नसते. नाका ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात नोंदलेल्या व्यापारी वाहनाला निम्मा दर. नॅशनल परमिटवर चालणाऱ्या गाडीला ती नाही. शिवाय सेवा रस्ता किंवा दुसरा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर ती नाकारता येते. हातखंब्याच्या गाडीला याचा अर्थ काय? हातिवले आपल्याच जिल्ह्यात, म्हणून तेथे वसुली झाल्यास निम्मा दर मागता येईल. ओसरगाव सिंधुदुर्गात, म्हणून गोव्याला जाताना तेथे पूर्ण. आणि खासगी मोटारीचा २० किलोमीटरचा पास हातखंबेकराला हातिवल्यालाही नाही, कारण अंतर त्याहून कितीतरी जास्त. जिल्ह्याची हद्द रस्त्याला दिसत नाही, व्यापाराला तर मुळीच नाही. म्हणून सवलत जिल्ह्यावर न ठेवता अंतरावर ठेवावी आणि तीत लहान मालगाडी घ्यावी, ही आमची पहिली मागणी असली पाहिजे.

सेवा रस्त्याची अट तर गमतीची आहे. गावोगावचे लोक सेवा रस्ता मागतात, कारण चौपदरी झाल्यावर पलीकडच्या दुकानात जायला वळसा पडतो आणि तिठ्यावरची गिऱ्हाइके पुलावरून निघून जातात. मागणी खरी आहे. पण तोच सेवा रस्ता उद्या सवलत नाकारायचे कारण होऊ शकतो. निवेदने लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून शब्द वापरावेत.

जुलै २०२५ मध्ये पूल आणि बोगद्यांवरचा टोल निम्म्यावर आला अशी बातमी आली आणि आमच्याकडेही काहींनी पेढे वाटण्याची तयारी केली. नियम असा होता की पुलाची लांबी दहापट धरून टोल लावायचा. आता ती रक्कम किंवा संपूर्ण लांबीची पाचपट, यातील जी कमी ती घ्यायची. समजा ६० किलोमीटरच्या तुकड्यात ३ किलोमीटर मोठे पूल आहेत. जुन्या हिशेबाने ३ चे ३० आणि उरलेले ५७, एकूण ८७ किलोमीटरचा टोल. नव्या पर्यायाने ६० ची पाचपट, म्हणजे ३००. कमी ते घ्यायचे, म्हणजे पुन्हा ८७ च. जेथे रस्त्याचा निम्मा भाग पुलाचा आहे तेथेच हा बदल उपयोगी. नद्या-खाड्यांच्या कोकणात पूल पुष्कळ, पण एवढे नव्हेत. म्हणजे ६० किलोमीटर चालून आपण ८७ चे पैसे देणार, ते देतच राहणार.

रत्नागिरी शहराच्या दृष्टीने खरी चिंता मिऱ्या बंदरावरून निघून कोल्हापूरकडे जाणाऱ्या दुसऱ्या महामार्गाची आहे. तोही चौपदरी होतो आहे. नियमाप्रमाणे नाका शहराच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या पुढे असावा, कारण नोंदवून तो ५ किलोमीटरपर्यंत अलीकडे आणता येतो. रत्नागिरीपासून हातखंबा सुमारे १५ किलोमीटर. नाका कोठे बसतो यावर हातखंबा, पाली, नाणीज, निवळीच्या माणसाचे शहरात जाणे-येणे ठरणार आहे. कोर्ट, इस्पितळ, कॉलेज, कुवारबावचे रेल्वे स्टेशन, झाडगावची एमआयडीसी, सारे एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला. दुचाकी आणि तीनचाकी यांना महामार्गावर साधारणपणे टोल नाही, म्हणून रिक्षावाले आणि तीनचाकी टेम्पोवाले वाचतील. पण वडापची जीप पैसे भरेल आणि ते उतारूकडून घेईल. पुढे काय होते ते मुंबई-ठाण्यात सर्वांनी पाहिले आहे. नाका टाळण्यासाठी गाड्या वस्तीतल्या अरुंद रस्त्यात शिरतात, गावातला रस्ता खराब होतो आणि तो दुरुस्त करायला ग्रामपंचायतीकडे पैसे नसतात. नाक्याची जागा ठरते तेव्हा गावाला विचारले जात नाही, ठरल्यावर गाव विरोध करते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

आमचे काही वाचक आणखी एक प्रश्न विचारतात. रस्त्याच्या कर्जात व्याज आहे, मग टोल भरताना आपण व्याजच फेडत नाही का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. मलेशियात उत्तर-दक्षिण द्रुतगती मार्ग चालविणाऱ्या कंपनीने २०१२ साली व्याजी कर्जाऐवजी सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, काढून ३० अब्ज रिंगिटहून अधिक रक्कम उभी केली. जगातली तोवरची ती सर्वांत मोठी अशी उभारणी होती. ज्यांनी पैसा गुंतवला त्यांच्या मनाचे त्याने समाधान झाले असेल. पण क्वालालंपूरच्या ट्रकवाल्याला नाक्यावर टोल द्यावाच लागला, आणि तेथेही टोल हा निवडणुकीचा विषय झाला. रक्कम कशी उभी केली हा गुंतवणाऱ्याचा प्रश्न आहे, ती कोणाकडून वसूल करायची हा रस्ता वापरणाऱ्याचा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात शोधू नये.

डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्याच्या नावाने उपकर आपण आधीच देतो, गाडीचा कर वेगळा देतो. टोल तिसरा. म्हणून सवलत मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

निवेदने देण्याआधी एक काम मात्र घरी बसून करता येईल. आमच्यापैकी बऱ्याच जणांचे टेम्पो मुंबई, ठाणे, पुण्याहून जुने घेतलेले आहेत. पाटीवर अजून एमएच-०४ नाहीतर एमएच-१२ आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की क्रमांक बदलत नाही, हे खरे. पण कित्येकांनी नावही बदललेले नाही आणि पत्ताही नाही, गाडी अजून मूळ मालकाच्या नावावर फिरते. नाक्यावरचा माणूस ठेका घेणाऱ्या एजन्सीचा असतो. एजन्सीने सरकारला ठराविक रक्कम भरायची असते, वर राहील ते तिचे. निम्मा दर द्यायला तो सहजी तयार होणार नाही, आधी पाटी पाहील, मग कागद. तेव्हा आरसी बुक काढा, नाव आणि रत्नागिरीचा पत्ता चढला आहे की नाही पाहा, नॅशनल परमिट खरोखर लागते का याचा विचार करा, आणि फास्टॅग कोणत्या वर्गाचा चिकटवला आहे तेही तपासा. नसेल तर रत्नागिरीच्या आरटीओत अर्ज द्यायला आजचा दिवस चांगला आहे. नाका सुरू झाल्यावर तेथे रांग लागेल.